पाहिजे : पऱ्हाटी पचवणारा बॅक्टेरिया!

पेट्रोल पंपावर बाइक लावल्यावर तुम्ही काय बघता? मीटर झिरोवर आलंय ना, एवढंच. फार तर शेजारच्या लाइनीतली नवी कोरी गाडी! पण टाकीत जे पडतंय, त्यातला पाचातला एक भाग पेट्रोल नाहीच आहे, हे कधी लक्षात आलंय? ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. थोडक्यात काय, आपण बिचारे शनिवारची वाट बघतो आणि आपली गाडी मात्र रोज ‘घेते’!

२०१४ मध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. मूळ टार्गेट २०३० चं होतं, म्हणजे पाच वर्षं आधीच काम फत्ते. (आपल्या अप्रेझलमध्ये असं कधी होतं का?) आता मायलेज पडलं की नाही, यावर ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये रोज वाद झडतात. एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा मायलेज थोडं घसरणारच. पण आजचा आपला विषय मायलेज नाही. विषय असा, की हे इथेनॉल येतं कुठून? आणि ते आमच्या परतवाड्याच्या शेतांतून का येत नाही?

कापूस गेला, पऱ्हाटी उरली

परतवाडा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना चिखलदऱ्याला जाताना लागणारा चहाचा स्टॉप आठवतो. त्यापलीकडे फारसं काही नाही. पण जरा नकाशा उघडून बघा. अचलपूर-परतवाडा ही जुळी शहरं मेळघाटाच्या अगदी पायथ्याशी आहेत. वर सातपुड्याचा डोंगर, त्यात साग आणि मोह. खाली वऱ्हाडची काळी जमीन, तिच्यात कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. मूर्तिजापूर ते अचलपूर ही नॅरोगेज लाइन, आमची शकुंतला, इंग्रजांच्या काळात टाकली गेली तीच मुळी इथला कापूस बाहेर न्यायला!

कापूस वेचून झाला की शेतात जे वाळलेलं झाड उभं राहतं, त्याला वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात. कमरेएवढी, छातीएवढी, काटकुळी पण टणक. तिचं काय होतं? थोडी चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते आणि उरलेली धुऱ्यावर ढीग करून पेटवून देतात. पुढच्या पेरणीसाठी रान मोकळं करायचं असतं ना! हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. वऱ्हाडात कपाशी किती, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे बघा, दरवर्षी केवढा मोठा माल आपण काडी लावून उडवून देतो!

आता जरा हिशेब करू. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा प्लाण्ट आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी तो देशाला अर्पण झाला. खर्च नऊशे कोटींहून जास्त. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घालायचा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असं त्याचं डिझाइन आहे. म्हणजे टनाला दीडशे लिटर. हाच रेट पऱ्हाटीला लावला आणि हेक्टरी दोनच टन धरले, तर हेक्टरी तीनशे लिटर, एकरी एकशे वीस. तुमची बाइक महिन्याला वीस लिटर पेट्रोल पीत असेल, तर तिला वर्षाला अठ्ठेचाळीस लिटर इथेनॉल लागतं. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाटीत दोन बाइकची वर्षभराची सोय, वर थोडं शिल्लकच. तेही कापूस विकून झाल्यावर!

मग आत्ता काय जळतंय टाकीत?

आत्ता मुख्यतः ऊस, मका आणि तांदूळ. उसाचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आकडा आहे : उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आमच्याकडे चिखलदऱ्याला धो-धो पाऊस पडतो आणि तरी त्याच तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तेव्हा २,८६० हा आकडा वऱ्हाडातला माणूस दोनदा वाचतो.

बरं, ऊसही दरवर्षी साथ देईल असं नाही. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. पुढच्या हंगामात ती उठवली, पण तोवर मका पुढे सरकला होता. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मका हाच इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल ठरला. परिणाम? कालपर्यंत मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. कोंबडीचं खाद्य महाग, म्हणजे अंडं महाग, म्हणजे तुमचं ते प्रोटीन डाएटही महाग. कनेक्शन कुठून कुठे जातं बघा!

म्हणूनच शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत, खाण्याचं पीक गाडीत घालू नका, खाऊन उरलेलं घाला. पेंढा, उसाचं चिपाड, मक्याची धाटं आणि आमची पऱ्हाटी. याला म्हणतात सेकण्ड जनरेशन, ऊर्फ टूजी इथेनॉल. (हो, मोबाइलमधलं टूजी जुनं झालं, हे मात्र आता कुठे येतंय.)

मग घोडं अडलं कुठे? तर पचनात!

मोह सोपा, पऱ्हाटी अवघड

अल्कोहोल माणूस बनवत नाही, सूक्ष्मजीव बनवतात. आपण फक्त त्यांना साखर वाढायची. मेळघाटातल्या मोहाचंच घ्या. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते, आणि तीही ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज अशी सोपी. पाण्यात भिजवलं की ताट वाढून तयार! हवेतले, भांड्यातले, फुलावरचे जीव येतात आणि ताव मारतात. त्यासाठी लॅब लागत नाही आणि पीएचडीसुद्धा लागत नाही.

पऱ्हाटीत साखर आहे, पण कुलपात आहे. तिचा साधारण तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सेल्युलोज, पंधरा ते पंचवीस टक्के हेमिसेल्युलोज आणि जवळजवळ पाव भाग लिग्निन. सेल्युलोज फोडलं की ग्लुकोज मिळतं, जे सगळ्यांनाच आवडतं. हेमिसेल्युलोज फोडलं की मुख्यतः झायलोज नावाची पाच कार्बनची साखर मिळते, जी फार थोड्यांना पचते. आणि लिग्निन म्हणजे या दोघांना चिकटवून धरणारं सिमेंट. भाताचा पेंढा हे गवत आहे. पऱ्हाटी चक्क लाकूड आहे, त्यामुळे तिचं सिमेंटही जास्त.

हे कुलूप उघडायला आधी वाफ आणि सौम्य आम्ल वापरायचं, मग एन्झाइम घालायची. या खटाटोपात ॲसेटिक ॲसिड, फरफ्युरल असे विषारी पदार्थही तयार होतात. म्हणजे जेवण तयार झालं, पण त्यात खडे आहेत, थोडं विष आहे आणि निम्म्या जेवणाची चव पाहुण्याला माहीतच नाही. आता असा पाहुणा शोधायचा जो हे सगळं खाऊन वर खूश राहील!

इण्टरव्ह्यूला तिघं आले

समजा, या नोकरीची जाहिरात काढली. अटी : ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही खाता आलं पाहिजे. अल्कोहोल सोडून दुसरं काही बनवायचं नाही. स्वतः बनवलेल्या अल्कोहोलमध्ये बुडून मरायचं नाही. विष पचवायचं. आणि पगार मागायचा नाही.

पहिला उमेदवार, यीस्ट. म्हणजे पाव फुगवणारं, बिअर बनवणारं, हजारो वर्षांचा एक्स्पिरिअन्स असलेलं सीनिअर. दारूत टिकून राहण्याचा स्टॅमिना जबरदस्त. आम्लात सुखाने राहतं, त्यामुळे दुसरे जंतू आसपास फिरकत नाहीत. पण मूळ यीस्टला झायलोज खाता येत नाही. ताटातला मोठा घास तसाच राहतो.

दुसरा उमेदवार, झायमोमोनास मोबिलिस. हा खरोखरचा बॅक्टेरिया. १९२० च्या दशकात पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाला तो मेक्सिकोत सापडला, घायपाताच्या जातीच्या झाडाचा रस आंबवून केलेल्या पुल्के नावाच्या पेयात. तिकडची ताडीच म्हणा ना! या पठ्ठ्याचा फंडा मजेशीर आहे. एका ग्लुकोजमधून यीस्टला ऊर्जेची दोन नाणी मिळतात, याला एकच मिळतं. आता एवढ्याशा कमाईत पोट भरायचं तर काय करणार? भराभर साखर खायची! आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागत नाही, अगदी तसला प्रकार. साखर अंगाला न लागता अल्कोहोल होऊन बाहेर पडते. जास्तीत जास्त जेवढं अल्कोहोल निघणं शक्य आहे, त्याच्या ९७-९८ टक्क्यांपर्यंत हा मजल मारतो. यीस्ट थोडं मागे राहतं, कारण ते स्वतःचं अंगही वाढवतं. पण झायमोमोनासचे नखरे असे, की ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, बस! मोहाच्या ताटावर हा खूश, पऱ्हाटीच्या ताटावर तोंड वाकडं. शिवाय ॲसेटिक ॲसिड त्याला सोसत नाही.

तिसरा उमेदवार, ई-कोलाय. “अरे, हा तो जुलाबवाला?” हो, त्याच खानदानातला. पण बहुतेक ई-कोलाय निरुपद्रवी असतात, आपल्या आतड्यात सुखाने नांदतात. लॅबमध्ये वापरतात त्या जाती तर फारच गरीब. ई-कोलायला काहीही वाढा, ग्लुकोज, झायलोज, आणखी चार साखरा, सगळं चालतं. हॉस्टेलच्या मेसमध्ये वाढलेला पोरगाच जणू! फक्त खाऊन झाल्यावर तो अल्कोहोलबरोबर नाना तऱ्हेची आम्लं बनवून ठेवतो.

एकाला बनवता येतं पण खाता येत नाही, दुसऱ्याला खाता येतं पण बनवता येत नाही. मग दोघांचं लग्नच लावून दिलं तर?

नेमकं हेच फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्रम यांच्या टीमने केलं. झायमोमोनासची अल्कोहोल बनवणारी दोन जनुकं काढून त्यांनी ई-कोलायमध्ये बसवली. १९ मार्च १९९१ रोजी त्याला अमेरिकन पेटण्ट मिळालं आणि त्या पेटण्टचा नंबर होता बरोब्बर ५०,००,०००! पन्नास लाखावं अमेरिकन पेटण्ट एका दारू गाळणाऱ्या जिवाणूचं आहे, हे पुढच्या क्विझला नक्की वापरा. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेच्याच राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत मिन झांग आणि सहकाऱ्यांनी उलटी सोयरीक जमवली. ई-कोलायची झायलोज खाण्याची जनुकं त्यांनी झायमोमोनासला दिली. यीस्टवाले तरी कुठे गप्प बसतात? त्यांनीही झायलोज खाणारं यीस्ट तयार केलंच. शर्यत सुरू झाली.

बोंडअळीची शिकवणी

जनुकं बसवली म्हणजे काम झालं, असं वाटतं ना? तिथून तर खरी हमाली सुरू होते. आणि ती हमाली समजायला वऱ्हाडातल्या माणसाला लॅबमध्ये जायची गरज नाही. त्याने ती शेतात पाहिलीय, आणि त्याची किंमतही मोजलीय.

२००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जेन्सिस, हाही एक बॅक्टेरियाच. त्याचं विष बनवणारं जनुक कपाशीत घातलं, बोंडअळीने पान-बोंड खाल्लं की ती खलास. २००६ मध्ये दोन जनुकांचं बॉलगार्ड-२ आलं. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. पण कोट्यवधी गुलाबी बोंडअळ्यांमध्ये काही मोजक्या अशा होत्या, ज्यांना ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, त्या जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. वर्षागणिक हेच घडत गेलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय धुमाकूळ घातला, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. नुसतं नाव काढलं तरी लोक गप्प होतात.

शेतात जे आपल्या मनाविरुद्ध झालं, तेच शास्त्रज्ञ लॅबमध्ये मुद्दाम करवून घेतात. जिवाणूंना थोड्या अल्कोहोलमध्ये वाढवायचं. बहुतेक मरतात, थोडे जगतात. जगलेल्यांना आणखी थोड्या जास्त अल्कोहोलमध्ये टाकायचं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. जिवाणू दोन तासांत एकदा दुप्पट होतो असं धरलं, तरी कपाशीच्या एका हंगामात, म्हणजे सहा महिन्यांत, त्याच्या दोन हजारांहून जास्त पिढ्या होतात! अल्कोहोलच्या जागी ॲसेटिक ॲसिड वापरा किंवा पऱ्हाटीचा तो विषारी रस वापरा, पद्धत तीच. जुन्या काळी याच कामाला अल्ट्राव्हायोलेट किरण मारून, रसायनं वापरून जनुकांत बदल घडवायचे आणि हजारो वसाहतींतून एखादी कामाची निवडायची. आता जनुकांची कात्री हाताशी आहे, पण निवड सुटत नाही.

यात एक झोल आहे, आणि तो नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कळेल. अल्कोहोलमध्ये जगायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? अल्कोहोल बनवायचंच नाही! नुसतं ‘टिकतो कोण’ एवढंच बघितलं, तर कामचुकारच निवडले जातात. (ऑफिसात आजूबाजूला बघू नका!) इन्ग्रम यांच्या टीमने यावर भारी तोड काढली. अल्कोहोलच्या जनुकांना त्यांनी एका ॲण्टिबायोटिकपासून वाचवणारं जनुक जोडून ठेवलं होतं. मग एकदा अल्कोहोलमध्ये वाढवायचं, एकदा भरपूर ॲण्टिबायोटिक असलेल्या थाळीवर. पहिल्या परीक्षेत लेचेपेचे गळतात, दुसरीत कामचुकार. काही महिने असा आलटून पालटून तास घेतल्यावर १९९८ मध्ये त्यांनी मूळ जातीपेक्षा जास्त अल्कोहोल सोसणारी आणि तरीही काम न टाळणारी जात जगापुढे मांडली.

म्हणजे जात सुधारणं हे एका रात्रीत लागलेलं इन्व्हेन्शन नाही. ते बियाणं निवडण्यासारखं आहे. धीर धरून, दाणा-दाणा पारखून.

लॅबमध्ये हिट, फॅक्टरीत?

आता खरं सांगायचं तर कारखान्यांत आजही राज्य यीस्टचंच आहे. झायमोमोनासला मोठा ब्रेक मिळाला तो अमेरिकेत. ड्यू पाँट कंपनीने आयोवा राज्यातल्या नेवाडा गावात मक्याच्या धाटांपासून इथेनॉल करणारा अवाढव्य कारखाना २०१५ मध्ये उघडला, वर्षाला तीन कोटी गॅलनचा. तिथला कामगार होता सुधारित झायमोमोनास. डाऊ कंपनीशी विलीनीकरण झालं आणि २०१७ मध्ये कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतलं. पुढे तो कारखाना एका जर्मन कंपनीने विकत घेतला, पण धाटांपासून गॅस करायला. उमेदवार हुशार असून नोकरी गेली, असं आयटीवाल्यांनी बघितलेलं आहेच!

आपल्याकडे काय चाललंय? पुष्कळ काही, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. माटुंग्याचं आयसीटी, म्हणजे आपलं जुनं यूडीसीटी. तिथल्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्रात प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली टूजी इथेनॉलचं तंत्र तयार झालं. त्यावर उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज दहा टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्लाण्ट एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या प्राज इण्डस्ट्रीजने २०१७ मध्ये दौंड तालुक्यात राहू इथे वर्षाला दहा लाख लिटरचा प्रात्यक्षिक प्लाण्ट उभारला. पेंढा, चिपाड, मक्याची धाटं यांच्याबरोबर पऱ्हाटीही चालेल असा तो आखला होता. पानिपतचं तंत्रज्ञानही प्राजचंच. आसामात नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल करणारा प्लाण्ट सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. बांबू जमतो, तर पऱ्हाटी का नाही?

आणि हो, पुण्यात पाषाणच्या रस्त्याने जाताना एनसीएलची ती शांत, झाडीतली इमारत दिसते ना? तिथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. हजारो जाती लेबल लावून, गोठवून, वाळवून जपलेल्या. जिवाणूंची बँकच म्हणा. संशोधकाला हवी ती जात तिथून मागवता येते.

“गाडीभाडं कोन देईन?”

हे सगळं परतवाड्यात चौकात उभं राहून सांगितलं, तर लोक मान डोलावतील आणि मग कुणीतरी हळूच विचारेल, “राजेहो, पऱ्हाटी उपटून देऊ आम्ही. पन मजुरी कोन देईन? गाडीभाडं कोन देईन?”

प्रश्न शंभर नंबरी आहे. पऱ्हाटी मुळासकट उपटायला माणसं लागतात. आकाराने अवाढव्य, वजनाने हलकी, त्यामुळे ट्रॉली भरते पण टन भरत नाही. ती निघते शेवटच्या वेचणीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत आणि कारखान्याला माल हवा बारा महिने. म्हणजे तुकडे करा, साठवा, पावसापासून आणि आगीपासून जपा. यातल्या प्रत्येक पायरीला पैसे लागतात.

आणि इथेच तो डोळ्यांना न दिसणारा जिवाणू पुन्हा गोष्टीत येतो. एक टन पऱ्हाटी उपटायचा, कापायचा, वाहून न्यायचा खर्च ठरलेला आहे. आतला जिवाणू आळशी असो की मेहनती, ट्रॅक्टरवाला भाडं तेवढंच घेणार! फरक पडतो तो त्या टनातून किती लिटर निघतं, यात. ढोबळ हिशेब करा. ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही खाणारी जात टनाला दीडशे लिटर देते असं धरू. झायलोज ताटात टाकणारी जात समजा शंभरच देते. २०२४-२५ साठी सरकारने ठरवलेले इथेनॉलचे दर कच्च्या मालाप्रमाणे साधारण ५८ ते ७२ रुपये लिटर होते. आपण साठच धरू. पन्नास लिटरचे झाले तीन हजार रुपये. एका टनामागे तीन हजार! उपटणाऱ्या बाईची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारे दोन पैसे, हे सगळं या तीन हजारांतून निघायचंय. ते निघाले तर पऱ्हाटी कारखान्यात जाईल. नाही निघाले, तर धुऱ्यावर पेटेल. इतकं ते सरळ आहे.

म्हणून जिवाणूची जात सुधारणं हे कुणा शास्त्रज्ञाचं हौशी प्रोजेक्ट नाही. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला भाव मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.

यात बोनसही आहे. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगांत लपून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून तर कृषी खातं सांगत असतं, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढा. फुकट सांगून किती जण ऐकतील? पण पऱ्हाटीला गिऱ्हाईक असेल, तर ती आपणहून वेळेत बाहेर निघेल. इंधनही मिळेल आणि अळीचं घरही मोडेल.

फक्त दोन गोष्टींचं भान हवं. एक, आज ही पऱ्हाटी कुणाच्या तरी चुलीत जाते. शेत नसलेली बाई दुसऱ्याच्या रानातून मोळी आणते, त्याचे कुणी पैसे घेत नाही. उद्या पऱ्हाटीला भाव आला की ती मोळी तिला कोण नेऊ देणार? तिच्या सिलिंडरचा विचार आधी झाला पाहिजे. दोन, जनुकं बदललेले जिवाणू वापरायचे तर ते बंद टाकीतच राहिले पाहिजेत, काम संपल्यावर मारून मगच बाहेर पडले पाहिजेत. त्यासाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत. ते कागदावरच राहिले तर उपयोग नाही. बीटीच्या वेळी ‘आता टेन्शन खल्लास’ असं म्हणून आपण निर्धास्त झालो होतो. अळी मात्र निर्धास्त नव्हती.

तुमच्यासाठी काय?

बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी केलेल्यांना वाटतं की आता एमबीए करावं नाहीतर मेडिकल रिप्रेझेण्टेटिव्ह व्हावं. मंडळी, थोडं थांबा! फर्मेण्टेशन हे कामाचं क्षेत्र आहे आणि ते आता ऊस कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडतंय. अमरावतीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरा-पोरींच्या तर दारातच कच्चा माल पडलाय. आणि इंजिनीअर, लॉजिस्टिक्सवाले, हिशेबवाले, तुम्हालाही काम आहे. हलकी पऱ्हाटी स्वस्तात दाबून, बांधून, तीस-चाळीस किलोमीटरवर नेऊन कशी साठवायची, हे कोडं अजून कुणीतरी नीट सोडवायचंय. जिवाणू अमेरिकेतून येईल, पुण्यातून येईल. पण ट्रॉलीचं गणित परतवाड्यातच सुटणार.

येत्या जानेवारी-फेब्रुवारीत वीकेण्डला चिखलदऱ्याला जायचा प्लॅन असेल, तर घाट लागायच्या आधी गाडीचा स्पीड थोडा कमी करा. दोन्ही बाजूंना काळ्या रानात तपकिरी काड्यांचे ढीग दिसतील. त्यातल्या एखाद्यातून धूर निघत असेल. तो धूर म्हणजे तुमच्याच टाकीत येऊ शकलं असतं असं इंधन आहे, टनाला दीडशे लिटरच्या हिशेबाने. खिडकीची काच वर करण्याआधी तेवढं लक्षात असू द्या.